लेगोचे मोठे ट्रक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेगोच्या ठोकळ्यांतून मोठ्या मापाचे, हुबेहूब ट्रक बांधण्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. सुरुवातीला पायाचे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. उदाहरणं शक्य तिथे आपल्या रस्त्यावरच्या ट्रकची घेतली आहेत, कारण विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना शेवटी तोच बांधायचा असतो.

मोठ्या मापाचा ट्रक म्हणजे नक्की केवढा?

लेगोचा नेहमीचा पिवळ्या डोक्याचा माणूस साधारण ४० मिमी उंच असतो. त्याच्या मापाचा ट्रक तळहातावर मावतो आणि त्यात तपशिलाला फारशी जागा नसते. आपण ज्याला मोठं माप म्हणतो ते साधारण १:१३ ते १:२५ या दरम्यानचं. १:१७ मापात रस्त्यावरचा सहाचाकी ट्रक ४० ते ४५ सेंमी लांब होतो. इथे आरशाचे दांडे, डिझेलची टाकी, फाळक्याच्या कड्या, वायपर हे सगळं दाखवता येतं, आणि ट्रक घरातल्या फळीवरही बसतो. नवशिक्याला मी हेच माप सुचवतो.

कंपनीचा सेट आणून बांधला तर चालणार नाही का?

चालेल, आणि शिकायला तो उत्तमच. कंपनीची टेक्निक मालिका, म्हणजे भोकांच्या पट्ट्या (बीम), पिना आणि गिअर यांची, १९७७ पासून आहे. मॉडेल टीम नावाची, दिसण्यावर भर देणारी मालिका १९८६ मध्ये आली. तिच्यातला १९९६ चा काळा अमेरिकन ट्रक (सेट ५५७१) जुने बांधणारे आजही समोर ठेवून अभ्यासतात. अलीकडच्यांपैकी २०१५ चा मर्सिडीज आरोक्स (४२०४३, २७९३ तुकडे) आणि २०१८ चा मॅक अँथम (४२०७८, २५९५ तुकडे) हे दोन बांधले की स्टिअरिंग, डिफरन्शियल (वळताना दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरजोडणी) आणि चेसिसची बरीच समज येते. पण टेक्निकचे सेट यंत्रणा दाखवण्यासाठी बनवलेले असतात, त्यामुळे केबिनचे पत्रे उघडे-उघडे दिसतात. हुबेहूबपणा हवा असेल तर आत टेक्निकचा सांगाडा आणि बाहेर साध्या ठोकळ्यांचं अंग, अशी जोडणी स्वतःच करावी लागते. या पानावरची बाकीची उत्तरं त्याच पद्धतीबद्दल आहेत.

मला आधी केबिन करायची आहे, तीच तर ट्रकची ओळख. तिथून सुरुवात केली तर?

करू नका. सुरुवात टायरपासून करा. ठोकळे हव्या त्या लांबीचे जोडता येतात, टायर मात्र कंपनी जे व्यास बनवते तेवढेच मिळतात. म्हणून माप टायर ठरवतो आणि बाकी सगळ्याने त्याच्यामागे यायचं.

हिशोब सोपा आहे. लेगोच्या बऱ्याच टायरच्या अंगावर व्यास आणि रुंदी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, उदाहरणार्थ ६२.४ × २०. आपल्याकडच्या ट्रकचा नेहमीचा १०.००-२० टायर साधारण १०५५ मिमी व्यासाचा. १०५५ ला ६२.४ ने भागलं की १६.९, म्हणजे माप १:१७. तोच हिशोब ८१.६ च्या टायरला १:१३ देतो आणि ४३.२ च्या टायरला १:२४.

व्यासाबरोबर रुंदीही तपासा. खरा १०.००-२० टायर सुमारे २८ सेंमी रुंद असतो, १:१७ मध्ये तो १६ मिमी व्हायला हवा. २० मिमीचा टायर थोडा जाड आहे, पण डोळ्याला खटकत नाही. ४३.२ × २२ चा टायर मात्र १:२४ च्या ट्रकखाली जवळजवळ दुप्पट जाड होतो आणि ट्रक ट्रॅक्टरसारखा दिसायला लागतो. व्यास जुळला म्हणून घाईने घेतलेल्या टायरमुळे कितीतरी सुंदर केबिन वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

टायर ठरला. आता बाकीची मापं कशी काढायची?

ट्रक कंपनीच्या माहितीपत्रकातून व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर, घ्या. टाटाच्या जुन्या नावांमध्ये तो दडलेलाच असतो: १६१३/४२ मध्ये १६ म्हणजे टनांत एकूण वजन, १३ म्हणजे साधारण १३० अश्वशक्ती आणि ४२ म्हणजे ४.२ मीटर व्हीलबेस. ४२०० मिमीला १७ ने भागलं की २४७ मिमी. लेगोचा एक स्टड (ठोकळ्यावरचा गोल उंचवटा, लांबी मोजायचं एकक) ८ मिमीचा, म्हणून ३१ स्टड. व्हीलबेस ठरला.

बाकीचं फोटोवरून. ट्रकच्या बरोबर बाजूला, शक्य तितक्या लांब उभं राहून झूम करून फोटो काढा. जवळून काढलेल्या फोटोत मधला भाग फुगतो. मग फोटोतला व्हीलबेस ३१ भागांत वाटा आणि त्या जाळीवर केबिनची उंची, काचेची खालची रेघ, हौद्याची सुरुवात मोजा. ढाब्यावर किंवा ट्रक टर्मिनलवर फोटो काढायचा असेल तर चालकाला आधी विचारा. का काढतोय ते सांगितलं की बहुतेक जण स्वतः दरवाजा उघडून आतलं दाखवतात.

स्टड, प्लेट, ठोकळा यांचं गणित डोक्यात बसत नाही.

तीन आकडे पाठ करा. स्टडपासून स्टडचं अंतर ८ मिमी, ठोकळ्याची उंची ९.६ मिमी, प्लेटची (म्हणजे पातळ ठोकळ्याची) उंची ३.२ मिमी. म्हणजे तीन प्लेट एका ठोकळ्याएवढ्या, आणि पाच प्लेट बरोबर दोन स्टडएवढ्या (दोन्हीकडे १६ मिमी). हा दुसरा मेळ फार मोलाचा. त्याच्यामुळे ठोकळे आडवे करून, स्टड बाजूला किंवा खाली ठेवून लावले तरी ते उभ्या ठोकळ्यांशी बिनफटीचे बसतात. केबिनच्या जाळीचा, बंपरचा, दरवाजाच्या गुळगुळीत पत्र्याचा सगळा खेळ याच्यावर चालतो.

ट्रकची रुंदी सम ठेवू की विषम?

हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. साधे ठोकळे समसंख्येत सहज जुळतात, तर टेक्निकच्या बीम विषम. विषम रुंदीत मधोमध एक भोक येतं, त्यामुळे डिफरन्शियल, ड्राइव्ह शाफ्ट आणि स्टिअरिंग मध्यरेषेवर बसवणं सोपं जातं. सम रुंदीत केबिनची जाळी, दुभंगलेली काच, मागचा फाळका सरळ जुळतो.

आपल्या जुन्या ट्रकची रुंदी २.४ ते २.५ मीटर, म्हणजे १:१७ मध्ये १८ स्टडच्या आसपास. कायद्यातली कमाल २.६ मीटर घेतली तर १९. ट्रक नुसता मांडून ठेवायचा असेल तर मी १८ घेईन. मोटर आणि चालणारं स्टिअरिंग हवं असेल तर चेसिस विषम ठेवा, केबिन सम ठेवा आणि दोघांमध्ये जंपर प्लेट टाका. तिच्यावर मधोमध एकच स्टड असतो, त्यामुळे वरचा भाग अर्धा स्टड सरकतो.

हौदा लावला की चेसिस मधून वाकतं. काय करू?

नुसत्या प्लेट एकमेकींवर चढवून केलेलं चेसिस वाकणारच. खऱ्या ट्रकसारखं शिडीचं चेसिस करा: दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. पट्टी बनवताना खाली भोकांचा टेक्निक ठोकळा, त्यावर दोन प्लेट, त्यावर पुन्हा टेक्निक ठोकळा असा थर लावा. एक ठोकळा ९.६ आणि दोन प्लेट ६.४, बेरीज १६ मिमी. म्हणजे वरच्या आणि खालच्या भोकांत बरोबर दोन स्टडचं अंतर पडतं. आता बाहेरून एक छोटी बीम उभी लावून तिच्या पहिल्या आणि तिसऱ्या भोकातून पिना घाला. थर उभे कुलूपबंद झाले. असं कुलूप प्रत्येक आठ-दहा स्टडवर आणि ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना असू द्या. हाताने पिळून पाहा: चेसिस किरकिरलं तर कुलपं कमी आहेत.

लांब ट्रेलरला याने भागत नाही. तिथे पट्टीची उंची वाढवा, कारण वाक रोखण्यात जाडीपेक्षा उंची जास्त काम करते. खरे ट्रेलर बघा, मधला भाग उगाच खोल नसतो.

पुढची चाकं वळवली की मडगार्डला घासतात.

वळण्याचा खुंटा टायरच्या मध्यापासून आत जितका दूर, तितका टायर वळताना पुढे-मागे मोठा फेरा मारतो. लेगोच्या तयार स्टिअरिंग तुकड्यांत हे अंतर बऱ्यापैकी असतं. खोलगट रिम वापरून खुंटा चाकाच्या पोटात नेला की फेरा लहान होतो. तरीही घासत असेल तर वळण कमी ठेवा. दोन्ही बाजूंना ३० अंश पुरतात. मडगार्डची कमान मोठी करणं हा सगळ्यात शेवटचा उपाय, कारण चाकाभोवतीची पोकळी वाढली की ट्रकची बैठक बिघडते.

मागची जोडचाकं खरी का वाटत नाहीत?

बहुतेक वेळा रिम उलटी लावल्यामुळे. खऱ्या ट्रकवर पुढे आणि मागे एकच चकती असते, फक्त उलटसुलट बसवलेली. पुढच्या चाकाचा मधला भाग बाहेर फुगलेला दिसतो, मागच्या बाहेरच्या चाकाचा आत खोल गेलेला. लेगोच्या बऱ्याच रिमना एक खोल आणि एक उथळ बाजू असते. पुढे उथळ बाजू बाहेर ठेवा, मागे खोल. या एका बदलाने ट्रक लगेच खरा वाटायला लागतो. खोलात गोल तुकड्यांनी हबचं झाकण द्या आणि मागचा बाहेरचा टायर हौद्याच्या कडेशी समतल ठेवा.

मोटर बसवावी का?

पहिल्या ट्रकला नको. मोटर, बॅटरी आणि वायरी केबिन व हौद्याखालची जागा खातात आणि ज्या तपशिलासाठी एवढं मोठं माप घेतलं तोच आधी बळी जातो. नीट ढकलता येणारा, स्टिअरिंग वळणारा, दरवाजे उघडणारा ट्रक हे पुरेसं मोठं काम आहे.

दुसऱ्या ट्रकला बसवायची असेल तर मागच्या ॲक्सलकडे जाताना वेग कमी करा. ८ दात्यांचं गिअर २४ दात्यांच्या गिअरला फिरवतं तेव्हा वेग तिसरा हिस्सा होतो आणि जोर जवळपास तिप्पट. भरलेल्या ट्रकला निदान एवढं तरी हवंच. जोराचा भार येतो त्या जागी ॲक्सलला दोन्ही बाजूंनी आधार द्या, नाहीतर गिअर एकमेकांपासून ढकलले जाऊन कटकट आवाज करत घसरतात.

जुनी मोटर घेऊ की नवी?

२००७ मध्ये आलेली पॉवर फंक्शन्स ही मोटर-रिमोटची मालिका लेगोने बंद केली आहे. जुन्या बाजारात ती मिळते आणि तिची सर्व्हो मोटर स्टिअरिंगसाठी आजही छान: मध्य धरून पंधरा जागांवर थांबते. पण तिचा रिमोट इन्फ्रारेड आहे, कडक उन्हात अंगणात तो नीट ऐकत नाही. नव्या मालिकेचा टेक्निक हब (सेल आणि मोटरच्या जोडण्या असलेला डबा) ब्लूटूथवर चालतो, त्याला चार जोडण्या आणि सहा एए सेल. तो मोठा आहे, म्हणून चेसिस आखतानाच त्याची जागा ठरवा. हौद्याच्या जमिनीखाली, सेल काढता येतील असा ठेवा. दोन्ही मालिकांचे प्लग वेगळे आहेत, थेट जोडले जात नाहीत.

पहिला भारतीय ट्रक कोणता घ्यावा?

चपट्या तोंडाचा, लाकडी हौद्याचा सहाचाकी. त्याच्या रेषा सरळ आहेत आणि सरळ रेषा ठोकळ्यांना मानवतात. शिवाय आपल्याकडे वर्षानुवर्षं चेसिस कारखान्यातून आणि केबिन-हौदा गावच्या बॉडीवाल्याकडून असा व्यवहार चालत आला. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन ट्रकच्या केबिन सारख्या नसतात. टपावरची घडवंची, खिडकीच्या वरची कमान, बंपरवरच्या नळ्या यात तुम्हाला मोकळीक आहे. कोल्हापूरकडचा उसाचा ट्रक आणि नाशिकचा कांद्याचा ट्रक हौद्याच्या उंचीवरून आणि दोरखंडांवरून वेगळे ओळखू येतात. एका ठरावीक ट्रकचा पाठपुरावा करा, मॉडेलमध्ये जीव येतो.

नाकवाला जुना टाटा फार देखणा, पण अवघड. टाटा आणि डेम्लर-बेंझ यांची भागीदारी १९५४ ते १९६९ अशी होती, आणि त्या घराण्याची गोलाई बॉनेटवर पुढेही राहिली. ती गोलाई १:१७ मध्ये ठोकळ्यांतून काढायला वळणदार स्लोप (उतरते ठोकळे) बऱ्याच प्रमाणात लागतात. तो तिसरा-चौथा ट्रक म्हणून ठेवा.

तिरकी काच आणि गोल कोपरे कसे जमवायचे?

आपल्या चपट्या केबिनची काच अगदी थोडी मागे झुकते. स्लोप ठोकळे लावले तर ती फारच पडते. काचेची पूर्ण चौकट एका तुकड्यासारखी वेगळी बांधा, खाली बिजागरी प्लेटवर टेकवा आणि वर टपाच्या पुढच्या कडेखाली अडकवा. खालची फट डॅशबोर्डमागे लपते. कोपऱ्यांसाठी पाव-गोल तुकडे उभे वापरा. बाजूला फिरवलेल्या पत्र्यांचं गणित वर स्टड-प्लेटच्या प्रश्नात आहे.

मागे हॉर्न ओके प्लीज लिहू का? आणि कसं?

महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये मालवाहू गाड्यांच्या मागे ही अक्षरं लिहायला बंदी केली. म्हणून तुमचा ट्रक त्याआधीचा असेल तर खुशाल लिहा. आजचा, एमएच पाटीचा नवा ट्रक करत असाल तर अभ्यासू माणूस बोट ठेवेल. ठोकळ्यांतून देवनागरी अक्षरं या मापात बसत नाहीत, काना-मात्रांना जागाच उरत नाही. गुळगुळीत टाइलवर छापील स्टिकर लावा. आधी खऱ्या फाळक्याचा सरळ समोरून फोटो घ्या आणि रंगाऱ्याच्या अक्षरांची वळणं तशीच ठेवा. संगणकातला तयार फाँट लगेच परका वाटतो.

रंग कोणता निवडावा?

आवडेल तो नाही, ज्यात तुकडे मिळतात तो. लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा या रंगांत जवळपास सगळं मिळतं. भगव्याच्या जवळचा नारिंगीही बराच मिळतो. तपकिरी हौद्यासाठी लांब टाइल आणि प्लेट भरपूर आहेत, दोन-तीन छटा मिसळल्या तर लाकूड जुनं दिसतं. करड्या रंगात मात्र सावध राहा. २००४ च्या सुमारास कंपनीने दोन्ही करडे बदलून निळसर केले. जुना-नवा मिसळला की चेसिसवर ठिगळं दिसतात.

तुकडे भारतात आणायचे तर फार महाग पडतात. मार्ग काय?

खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) गुणवत्ता खूणही सक्तीची आहे. याचा परिणाम किमतीत दिसतो. वैयक्तिक पार्सलचे नियम आणि दर वेगळे असतात आणि बदलतात, म्हणून मागवण्याआधी त्या दिवशीचा दर पाहा.

सुट्या तुकड्यांची मोठी बाजारपेठ म्हणजे ब्रिकलिंक. ती २००० साली सुरू झाली आणि २०१९ मध्ये लेगोनेच घेतली. तिथे पाच दुकानांतून थोडं थोडं घेण्यापेक्षा एकाच दुकानातून जास्त घ्या, टपालखर्चात फरक पडतो. इथल्या इथे जुने टेक्निक सेट विकत घेऊन सोडवणं अजूनही स्वस्त पडतं. पुणे-मुंबईत मुलं मोठी झालेल्या घरांतून असे डबे निघतात. दुबई-अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकांना सांगणार असाल तर पूर्ण खोका सांगू नका, पिशवीत मावतील अशा टायर-रिम आणि पिनांची यादी द्या.

दुसऱ्या कंपनीचे स्वस्त ठोकळे मिसळले तर?

हौद्यातला माल, आतलं भरण, न दिसणाऱ्या जागा, इथे हरकत नाही. चेसिसच्या कुलपांत, गिअरपेटीत आणि स्टिअरिंगमध्ये मिसळू नका. पिन किंचित सैल असेल तर एका जोडणीत कळत नाही, पण वीस जोडण्यांत तो सैलपणा साचतो आणि ट्रक एका बाजूला कलतो.

आधी संगणकावर बांधू का?

हो. ब्रिकलिंकचं स्टुडिओ मोफत आहे आणि ते निवडलेल्या रंगात तुकडा बनतो की नाही हे सांगतं. यातले बरेचसे डिजिटल तुकडे एलड्रॉ या प्रकल्पातून आले. तो जेम्स जेसिमन यांनी १९९५ मध्ये सुरू केला आणि जगभरच्या हौशी लोकांनी पुढे नेला. मात्र पडद्यावर ट्रकला वजन नसतं. चेसिस वाकणं, केबिन पुढे झुकणं हे तिथे कळत नाही. म्हणून चेसिस हातात बांधा, अंग पडद्यावर.

कापणं, चिकटवणं, रंगवणं चालतं का?

माझं मत: नळी, दोरा आणि स्टिकर कापायला हरकत नाही, ठोकळा कापू नये आणि गोंद कधीच लावू नये. चिकटवलेला ट्रक दुरुस्त होत नाही. ताडपत्रीसाठी कापड वापरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, खरं कापड खरं दिसतं. प्रदर्शनात ठेवणार असाल तर आयोजकांचे नियम आधी वाचा.

पावसाळ्यात आणि उन्हात ट्रकची काळजी कशी घ्यायची?

प्लास्टिकला दमटपणाचं काही होत नाही. स्टिकरच्या कडा सुटतात आणि बॅटऱ्या गळतात. कोकणात जून ते सप्टेंबर सेल काढूनच ठेवा. ऊन जास्त घातक: खिडकीजवळचा पांढरा ट्रक पिवळा पडतो. धूळ मऊ रंगाच्या ब्रशने काढा. सोडवून धुवायचं असेल तर पाणी ४० अंशांच्या आत. आणि वर्षानुवर्षं मांडायचा ट्रक टायरवर उभा ठेवू नका. चेसिसखाली दोन ठोकळ्यांचे ठोकळी-पाय देऊन चाकं फळीपासून केसभर वर ठेवा, म्हणजे टायर खालून चपटे होत नाहीत.

ट्रक दुसऱ्या गावी न्यायचा आहे, एसटीने. कसा न्यावा?

केबिन, हौदा आणि चेसिस हे तीन भाग चार-चार पिनांवर सुटतील असे पहिल्यापासूनच बांधा. बांधून झालेल्या ट्रकमध्ये हे नंतर घुसवणं फार कटकटीचं. आरसे, ॲरियल, टपावरची घडवंची काढून छोट्या डब्यात. चेसिस चाकांवर न ठेवता आडवं, टॉवेलात. केबिन उभी, काच मागच्या बाजूला. डबा मांडीवर घ्या, डिकीत देऊ नका. पोचल्यावर जोडायला लागणाऱ्या पिना आणि दोन-चार जादा प्लेट खिशात असू द्या.